विभावरीचा कॉम्प्युटर मी दुरुस्त केला, त्याची गोष्ट

विभावरीच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा पडला तेव्हा मी दात घासत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आमच्या अप्पर हट या न्यूझीलंडमधल्या गावातल्या अख्ख्या मराठी मंडळींत अशी बातमी पसरली की तो मीच पाडला. मी पाडला नाही. तो पडला. मी नंतर आलो.

"पुरुषोत्तम, हा परत गेला!" आतून हाक आली.

विभावरी, म्हणजे माझी बायको, पुण्यात फिल्म एडिटिंग करायची. न्यूझीलंडला आल्यापासून तिला सगळ्यांनी फार प्रेमाने सांगितलं होतं, की तुमचं काम सुंदर आहे, पण तुम्हाला लोकल एक्स्पीरियन्स नाही. तो मिळवायचा कसा, तर लोकल काम करून. ते मिळवायचं कसं, तर लोकल एक्स्पीरियन्स दाखवून. या गोल चक्रात ती दोन वर्षं फिरत होती, आणि मग मेरे नावाच्या एका माओरी बाईंनी तिला बाहेर ओढलं. मेरे आमच्या गावातल्या इतिहासप्रेमी मंडळाच्या अध्यक्ष. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या लोकांच्या आठवणींची एक छोटी फिल्म त्यांना हवी होती. विभावरीने ती जीव ओतून शूट केली. त्यात हेझल नावाच्या नव्वदी पार केलेल्या आजी होत्या, ज्यांनी तरुणपणी लोकरीच्या गिरणीतली नोकरी, तिथला संप आणि संपात भेटलेला नवरा या तिन्ही गोष्टी अशा सांगितल्या होत्या, की विभावरी एडिट करताना एकटीच हसायची आणि डोळे पुसायची. आजींचा मुलगा त्यांना सोमवारी कायमचा ऑस्ट्रेलियाला घेऊन जाणार होता. म्हणून रविवारी हॉलमध्ये फिल्म दाखवायचं ठरलं होतं. आणि त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी कॉम्प्युटरने डोळे मिटायला सुरुवात केली.

नेहमीचं काम नीट चालायचं. पण फिल्म जोडून पक्की करायला घेतली, की पंखा विमानासारखा ओरडायचा आणि स्क्रीन काळा.

"मला एकदा उघडून बघू दे," विभावरी म्हणाली.

"तू कशाला? मी आहे ना."

मी इंजिनियर आहे. वेलिंग्टनला सांडपाण्याच्या पाइपांचं काम बघतो. आता कोणी म्हणेल, सांडपाण्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? संबंध आहे. दोन्हीकडे काहीतरी वाहत असतं, कुठेतरी तुंबतं आणि तुंबलं की लोक इंजिनियरकडे रागाने बघतात. शिवाय संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर मांडी घालून बसलेला नवरा घरात एक वेगळंच वजन कमावतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत इतकी धूळ होती की आमच्या सात वर्षांच्या स्वानंदीने "इज दॅट अ डेड पॉसम?" असं विचारलं. पॉसम म्हणजे इथला मांजराएवढा केसाळ प्राणी. धूळ काढली. फरक शून्य. मग गुरुनाथला फोन केला. गुरुनाथ शेजारच्या लोअर हटला राहतो आणि आयटीत फार वरच्या पदावर आहे. इतक्या वरच्या, की गेल्या कित्येक वर्षांत त्याने कॉम्प्युटरला आतून पाहिलेलं नाही.

"ग्राफिक्स कार्ड काढ," गुरुनाथ म्हणाला. "चित्र दाखवणारं कार्ड असतं बघ, लांबुळकं, पंखा लावलेलं. ते काढ आणि स्क्रीनची केबल मागे वरच्या भोकात घाल. थेट मदरबोर्डात. चित्र आलं तर समज कार्ड मेलं."

मी तसं केलं. चित्र आलं. इतकं स्वच्छ आलं की मी विभावरीला हाक मारून बोलावलं आणि एका हातात ते कार्ड शेपटीला धरलेल्या उंदरासारखं उचलून म्हणालो, "हा चोर."

"पण कार्डाशिवाय माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही," ती म्हणाली. "आणि कार्ड काढल्यावर वीज पण कमी लागते ना? मग पॉवर सप्लाय दमला असेल असंही..."

"विभावरी," मी मायेने म्हणालो, "एकेक पायरी घेऊ या."

नवऱ्याने मायेने बोलायला सुरुवात केली की संसारात काहीतरी महागडं घडणार, हे तिला माहीत होतं. ती कपडे वाळत घालायला गेली.

नवीन कार्ड आणलं. दुकानातली जांभळ्या केसांची मुलगी म्हणाली, हे हीप्स बेटर, म्हणजे कितीतरी चांगलं आहे. होतंही. फक्त ते जुन्यापेक्षा चार बोटं लांब होतं आणि डब्यात मावत नव्हतं. लांब कार्ड आखूड डब्यात बसवण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, डबा बदलणे. दुसरा, शेजारी ब्रायन.

ब्रायन आमचा शेजारी. निवृत्त माणूस. थंडीतही शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, असतो, आणि ज्या गोष्टीला हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, लागत नाही ती गोष्ट त्याला पोरकट वाटते. त्याने आत डोकावून हार्ड डिस्क ठेवायची लोखंडी चौकट पाहिली, "ती हवीच आहे का?" असं विचारलं, आणि मी विचार करेपर्यंत अर्धी कापली होती. "शी'ल बी राइट, मेट," तो म्हणाला, म्हणजे होईल सगळं ठीक. हार्ड डिस्क आम्ही डब्याच्या तळाशी स्वानंदीच्या जुन्या मोज्यात घालून ठेवली.

कार्ड बसलं. त्याला एक जादा वायर लागत होती, ती जुन्या पॉवर सप्लायला नव्हतीच. कार्डाच्या खोक्यात एक जोडवायर मिळाली. जोडली. बटण दाबलं. पंख्याने अर्धा फेरा घेतला, "टक" असा आवाज झाला, आणि खोलीत कोणीतरी प्लास्टिकच्या चपलेची फोडणी दिल्यासारखा वास पसरला.

"पॉवर सप्लाय," विभावरी दारातून म्हणाली. फक्त दोन शब्द. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तर नवा पॉवर सप्लाय आणला, तोही बसवला. आता सगळे पंखे फिरत होते, निळे दिवे लुकलुकत होते, डबा एखाद्या लग्नाच्या हॉलसारखा झगमगत होता. मी स्क्रीनची केबल जिथे चित्र आलं होतं त्याच वरच्या भोकात घट्ट बसवली आणि वाट पाहिली. स्क्रीनवर अक्षरं आली : नो सिग्नल. आणि मग काळोख.

बुधवारी मी ऑफिसातून सुट्टी घेतली. डबा दुकानात न्यायचा होता. पण आमची गाडी वॉरंट ऑफ फिटनेसमध्ये नापास होऊन गॅरेजात पडली होती, मागच्या एका दिव्यासाठी. न्यूझीलंडमध्ये माणूस कितीही खिळखिळा असला तरी चालतो, गाडीला मात्र दर थोड्या महिन्यांनी तब्येत दाखवून यावी लागते. म्हणजे ट्रेन. आणि तो डबा उचलून स्टेशनपर्यंत चालणं माझ्या कंबरेला मान्य नव्हतं. तेव्हा मला स्वानंदीची जुनी बाबागाडी आठवली.

डबा बाबागाडीत असा बसला, जणू त्याच्याच मापाने शिवली होती. बारीक पाऊस होता, म्हणून वरून गोधडी पांघरली आणि पट्टाही लावला.

"डॅड, प्लीज डोन्ट वॉक पास्ट माय स्कूल," स्वानंदी म्हणाली.

ट्रेनमध्ये समोर एक प्रेमळ म्हातारी बाई बसली होती. तिने गोधडीकडे पाहून मान वाकडी केली आणि हळू आवाजात विचारलं, "झोपलंय का?"

माझं डोकं पॉवर सप्लायमध्ये होतं. मी खरं ते इंग्रजीत सांगितलं. "उठतच नाहीये. सकाळपासून सगळे उपाय केले. पंखा फिरतो, पण डोळे उघडत नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टरांना दाखवलं?"

"तिकडेच चाललोय. पण शेजाऱ्याने काल थोडं कापलंय, त्यामुळे गॅरंटीचं काय होईल सांगता येत नाही."

पुढच्या स्टेशनच्या आत गार्ड माझ्यासमोर उभा होता. सहा फुटी, दाढीवाला, गंभीर. "सर, जरा ब्लँकेट बाजूला करता का?" अख्खा डबा, म्हणजे ट्रेनचा, आमच्याकडे पाहत होता. मी गोधडी काढली. गार्ड बराच वेळ आत पाहत राहिला. मग त्याने गोधडी परत नीट पांघरली, कडा खोचल्या, आणि म्हणाला, "तुमच्यावर गेलाय."

दुकानात जांभळ्या केसांच्या मुलीने डबा टेबलावर ठेवला, स्वतःची केबल मागे लावली, बटण दाबलं. चित्र आलं! झगझगीत, रंगीत. "काहीच झालेलं नाही याला," ती म्हणाली. मग मोजा दिसताच डब्याचं झाकण पटकन लावून टाकलं, हा तिचा चांगुलपणा.

घरी आणला. केबल वरच्या भोकात. नो सिग्नल.

गुरुवारी परत ट्रेन. तोच गार्ड. "हाउ'ज द लिटल वन?" दुकानात परत चित्र. त्या मुलीने या वेळी माझ्याकडेच जास्त वेळ पाहिलं. "तुमचा स्क्रीन बिघडलाय," ती म्हणाली. घरी येऊन ब्रायनचा स्क्रीन मागून आणला. आमच्या स्क्रीनच्या बाजूने केबल काढून त्याच्या स्क्रीनला लावली. डब्याच्या बाजूचं टोक कशाला काढायचं, ते तर चांगलं घट्ट बसलं होतं. काळोख.

"मला एकदा बघू दे ना," विभावरी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "रविवार तीन दिवसांवर आलाय. मेरेला आज सांगावं लागेल, होणार की नाही ते. हेझल आजी रोज विचारतात तिला."

मी म्हणालो, "शनिवार सकाळपर्यंत वेळ दे." खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कॉम्प्युटरपेक्षा स्वतःची काळजी वाटत होती. एकदा "हा चोर" म्हणून उंदीर उंचावलेला माणूस मागे कसा फिरणार?

आणि तर्क बघा ना. दुकानात चालतो, घरी चालत नाही. दोन स्क्रीन लावून पाहिले. उरलं काय? घर. म्हणजे घरातली वीज!

घर भाड्याचं. वीज तपासायची तर घरमालकातर्फे घर सांभाळणाऱ्या एजन्सीला फोन करावा लागतो. एजन्सीच्या बाईंकडे तक्रारींचे ठरावीक प्रकार होते. "वीज आहे का?" आहे. "ठिणग्या उडतात?" नाही. "काही गरम होतं?" फक्त मी. "मग तक्रार काय लिहू?" मी म्हणालो, "वीज येते, पण मनापासून येत नाही." बाई थोडा वेळ टाइप करत होत्या. त्यांनी काय लिहिलं कोण जाणे, पण शुक्रवारी जो इलेक्ट्रिशियन आला त्याने आधी मला "आर यू ओके, मेट?" असं विचारलं. त्याने सगळे पॉइंट तपासले, घराची वीज उत्तम असल्याचं जाहीर केलं आणि चहा पिऊन गेला.

मी ही गोष्ट तात्यारावांना फोनवर सांगितली, ही माझी त्या आठवड्यातली सर्वांत मोठी चूक. तात्याराव नागपूरचे, वीज मंडळातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. इथे मुलीकडे, सुजाताकडे राहतात. आमच्याकडचे सगळे त्यांना फार मानतात, ते स्वतः धरून.

"अर्थिंग," तात्याराव म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही बाप्पा. तो गोरा पोरगा काय सांगते! जमीन कोरडी असंल."

"तात्याराव, इथे रोज पाऊस पडतोय."

"वरून ओली हो. आतून कोरडी. मिठाचं पाणी द्या लागते. मी येतो उद्या सकाळी. बादली तयार ठेव."

शनिवारी सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. तात्याराव कोट, मफलर आणि कानटोपी घालून आले. घराच्या मागे भिंतीला लागून अर्थिंगची सळई जमिनीत गेलेली होती, तिथे त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं. माझ्या हातात मिठाच्या पाण्याची बादली आणि तांब्या.

"हळूहळू घाल. एकदम नाही. एक धार ठेव," ते मागे उभे राहून सांगत होते. "घाल... थांब... घाल."

कुंपणापलीकडे ब्रायन आला. सकाळच्या थंडीत एक म्हातारा काहीतरी पुटपुटतोय आणि शेजारी गुडघ्यांवर बसून तांब्याने जमिनीला पाणी वाहतोय, हे त्याने पाहिलं. त्याने आपली लोकरीची टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. मला त्याला समजावून सांगायचं होतं, पण तात्याराव म्हणाले, "धार तुटू देऊ नको!"

आणि त्याच क्षणी घराच्या खिडकीतून आवाज आला. हेझल आजींचा. "वेल, आय वॉज सेव्हन्टीन, अँड ही हॅड टेरिबल इअर्स..."

संपात भेटलेल्या नवऱ्याच्या कानांबद्दल आजी बोलत होत्या. कॉम्प्युटर चालू झाला होता!

"पाहिलं!" तात्याराव गरजले. "अर्थिंग! मी काय म्हटलं? अर्थिंग!" त्यांनी मला मिठी मारली. बादली लवंडली आणि उरलेलं सगळं मिठाचं पाणी एजन्सीच्या लाडक्या कॅमेलियाच्या फुलझाडाच्या मुळाशी गेलं. ब्रायनचे डोळे पाणावले होते. "दॅट वॉज ब्युटिफुल, मेट," तो म्हणाला आणि टोपी घातली.

मी धावत आत गेलो. विभावरी खुर्चीत बसली होती. स्क्रीनवर आजी हसत होत्या. आणि डब्याच्या मागे... केबल खालच्या भोकात होती. नव्या कार्डाच्या भोकात.

"कार्ड बसवलं की केबल कार्डाला लावायची असते," विभावरी माझ्याकडे न पाहता म्हणाली. "वरचं भोक बंद होतं मग. दुकानातली मुलगी खालीच लावत असणार."

"तुला कसं कळलं?"

"बघितलं. एकदा बघू दे, एकदा बघू दे, म्हणत होते ना मी."

तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मी उत्तर तरी दिलं असतं. पण तिने हेडफोन लावले आणि कामाला लागली. तेवढ्यात तात्याराव मागून आले, आणि स्क्रीनकडे पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की त्यांना केबलचं सांगायचं धैर्य मला झालं नाही. विभावरीलाही झालं नाही. ती हेडफोन काढून म्हणाली, "तात्याराव, फार उपकार झाले." ते संध्याकाळपर्यंत फोनवर होते. गुरुनाथने सांगितलं की त्याच्याकडे दोन जणांनी मिठाचं प्रमाण विचारलं.

दिवसभर मी स्वयंपाक केला, स्वानंदीला स्विमिंगला नेलं, तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विसरलो, परत आणायला आलो, आणि दर वेळी त्या खोलीसमोरून पाय न वाजवता गेलो. पंखा ओरडत होता, पण स्क्रीन टिकून होता. जेवणाच्या सुमारास विभावरी बाहेर आली आणि म्हणाली, "झाली."

रविवारी हॉल भरला होता. मेरेने "किया ओरा" म्हणत सगळ्यांचं स्वागत केलं. हेझल आजी पहिल्या रांगेत, मुलाचा हात धरून. त्यांच्या नवऱ्याच्या कानांचा किस्सा आला तेव्हा लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले, आणि गिरणी बंद झाल्याचं त्या सांगत होत्या तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. मी अंधारात विभावरीकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे पाहतच नव्हती. मागे वळून लोकांचे चेहरे पाहत होती. दोन वर्षांत तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग शेवटी नावं आली. मेरेचं, आजींचं, मंडळाचं. आणि सर्वांत खाली, इंग्रजीत नव्हे, देवनागरीत एक ओळ :

तांत्रिक अडथळे : पुरुषोत्तम

हॉलमध्ये ती वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतला गुरुनाथ खुर्चीवरून घसरला. तात्याराव मला कोपराने ढोसून म्हणाले, "यात माझं नाव पाहिजे होतं खरं म्हणजे."

दिवे लागले. आजींनी विभावरीला जवळ ओढून गालावर पापा दिला. मेरेने तिला बाजूला घेतलं, आणि ती परत आली तेव्हा तिच्या हातात पुढच्या तीन फिल्मांचं काम होतं, शेजारच्या गावांच्या मंडळांचं. लोकल एक्स्पीरियन्स झाला होता!

ब्रायन गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आला. "ती शेवटची ओळ," तो म्हणाला, "तुमच्या भाषेतली. त्यात काय लिहिलं होतं?"

मी विभावरीकडे पाहिलं. एवढ्या हॉलमध्ये माझी अब्रू तिच्या एका वाक्यावर लटकत होती. तिने मला पुरेसा वेळ लटकत ठेवलं.

"टेक्निकल," ती म्हणाली. "टेक्निकल बाजू यांची होती."

"आय न्यू इट!" ब्रायनने माझ्या पाठीवर असा हात मारला की माझा चष्मा सरकला. "घरचा माझा कॉम्प्युटर गेले कित्येक दिवस काळा पडतोय. उद्या आणतो."

आणि खरंच, सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघत असताना दारात ब्रायन उभा. शॉर्ट्स, जँडल्स, काखेत कॉम्प्युटर, आणि दुसऱ्या हातात मिठाची पिशवी.

"कुठे ठेवू?" त्याने मला विचारलं.

माझा हात स्क्रू ड्रायव्हरकडे जात होता. खोटं कशाला बोलू, जवळजवळ पोहोचला होता. मग मी बाजूला झालो, दार पूर्ण उघडलं आणि आत वळून हाक मारली, "विभावरी! तुझं गिऱ्हाईक आलंय!"

आणि ब्रायनच्या हातातलं मीठ घेऊन स्वयंपाकघरात गेलो.